घरची डागडुजी आणि इंजिनाचें अडखळणें

घरांतील यंत्राची किरकोळ डागडुजी घरच्या माणसानें स्वतःच्या हातानें करावी, या मताचे आम्ही आहों. शिवणयंत्रास तेल देणें, पाण्याच्या नळाची चकती बदलणें, विजेच्या पंख्याचा कंडेन्सर बसविणें, हीं कामें ज्या घरांत होतात त्या घरांतील मुलांना वस्तूंची किंमत निराळ्या रीतीनें कळते. मोटारीचीं कांहीं कामेंही याच जातीचीं आहेत. ठिणगीचे प्लग बदलणें, हवेची गाळणी बदलणें, बॅटरीचीं टोकें साफ करणें, हीं कामें गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका नीट वाचून आणि चार पाने जवळ ठेवून रविवारच्या सकाळीं करतां येण्याजोगीं आहेत.

परंतु कधीं कधीं असें होतें कीं, काम संपतें, बॉनेट मिटतें, किल्ली फिरते, आणि कालपर्यंत सरळ चालणारें इंजिन अडखळूं लागतें. गॅरेजमधील भाषेंत सांगावयाचें तर ‘गाडी मिस मारते’. मग घरांत तत्काळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “हात लावलास म्हणूनच बिघडलें.” दुसरा म्हणतो, “तें आधींच बिघडत आलें होतें, निमित्त माझें झालें.” दोन्ही पक्ष बहुधा पुराव्यावांचून बोलत असतात, आणि शेवटीं जो मोठ्यानें बोलतो त्याच्या मतानें दुरुस्ति ठरते. अशा वेळीं पैसा आणि घरांतील सलोखा, दोन्ही न गमावतां खरें कारण कसें शोधावें, हें येथें सांगण्याचा विचार आहे. आम्ही व्यवसायानें यंत्रज्ञ नव्हे. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तथापि निदानाचें शास्त्र वैद्याचें असो, नैयायिकाचें असो किंवा मेकॅनिकचें असो, त्याचा पाया एकच आहे, हें आम्हीं मोटारीचें बॉनेट उघडून अनेक वेळां अनुभविलें आहे.

अडखळणें म्हणजे काय?

जर्मनींतील निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें जें इंजिन चालवून दाखविलें, त्याच तत्त्वावर आजचीं बहुतेक पेट्रोल इंजिनें चालतात. दट्ट्या खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेतो. वर येतांना तें दाबतो. दाबलेलें मिश्रण ठिणगीनें पेटून दट्ट्यास खालीं ढकलतें. आणि पुन्हां वर येतांना तो जळका धूर बाहेर लोटतो. या चार टप्प्यांत मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात. म्हणजे इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटास १५०० वेळां, अर्थात् सेकंदास २५ वेळां, ठिणगी पडून मिश्रण पेटलें पाहिजे. चार सिलिंडरांचा हिशेब केला तर सेकंदास १०० ज्वलनें झालीं. गाडी उभी असतां इंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांच्या मंद गतीनें चालत असलें, तरी एकेका सिलिंडरास मिनिटांत ४०० वेळां आपलें काम चुकवितां येत नाहीं.

या ज्वलनास तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणाचें मिश्रण, पुरेसा दाब, आणि वेळेवर पडलेली सशक्त ठिणगी. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें मिश्रणाचें शास्त्रीय प्रमाण होय. ठिणगीसाठीं कॉइल ही बॅटरीच्या बारा व्होल्टांपासून दहा हजारांहून अधिक, प्रसंगीं तीस हजारांच्या घरांतील व्होल्ट निर्माण करते. या तिहींपैकीं एकही उणें पडलें कीं तो सिलिंडर त्या फेरीस पेटत नाहीं. चौघांनीं पालखी वाहावी आणि एकानें मधूनमधून खांदा काढावा, तशी गाडीची अवस्था होते. उभ्या गाडीचें सुकाणूचक्र थरथरतें, चढावर ओढ कमी पडते, धक्के बसतात, पेट्रोल अधिक जळतें आणि समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाहीं

हा दिवा लावणारी यंत्रणा आतां सर्वत्र रूढ झाली आहे. अमेरिकेंत १९९६ सालच्या नमुन्यांपासून ती सक्तीची झाली, युरोपांत पेट्रोल मोटारींना २००१ सालीं, आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत ती अधिक सूक्ष्म स्वरूपांत आहे. तिची युक्ति मोठी गमतीची आहे. मुख्य दांड्याजवळ बसविलेलें एक उपकरण त्या दांड्याची गति क्षणोक्षणीं मोजतें. एखादा सिलिंडर पेटला नाहीं कीं त्या अर्ध्या फेऱ्यापुरती गति किंचित् मंदावते. गाडींतील संगणक ती मंदता ओळखतो, कोणत्या सिलिंडराच्या पाळीला ती आली हें पाहतो आणि संकेत नोंदवून ठेवतो. सुकाणूच्या खालच्या बाजूस सोळा टोकांची एक खोबण असते. तींत लहानसा स्कॅनर जोडला कीं तो संकेत वाचतां येतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसरा, याप्रमाणें पुढें. ‘पी ०३००’ म्हणजे चुकणारा सिलिंडर एक नाहीं. कधीं हा, कधीं तो. पहिला सिलिंडर कोणत्या बाजूचा, हें माहितीपुस्तिकेंत पाहून घ्यावें. अंदाजानें ठरवूं नये.

येथें न्यायशास्त्राचा एक भेद उपयोगी पडतो. धूर दिसला तर अग्नि आहे असें अनुमान निघतें. परंतु तो अग्नि चुलीचा कीं वणव्याचा, हें धूर सांगत नाहीं. संकेत हें केवळ लिंग होय, कारण नव्हे. ‘पी ०३०३’ एवढेंच सांगतो कीं तिसऱ्या सिलिंडरांत ज्वलन झालें नाहीं. तें प्लगामुळें, कॉइलीमुळें, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरामुळें, कीं झडपेमुळें, याविषयीं तो मौन पाळतो. कित्येक जण स्कॅनरवर संकेत वाचतात आणि त्याच पावलीं दुकानांत जाऊन कॉइल विकत घेतात. हें निदान नव्हे, ही सोडत होय.

एक गोष्ट मात्र दिवा स्पष्ट सांगतो. तो स्थिर न राहतां उघडमीट करूं लागला, तर न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जात आहे. तेथें तें जळून तो भाग अतिशय तापतो, आंतील जाळी वितळूं शकते, आणि ही वस्तु प्लगांच्या किंमतीच्या कितीतरी पट महाग असते. म्हणून दिवा उघडमीट करतांना गति व जोर तत्काळ कमी करावा आणि सुरक्षित जागा मिळतांच थांबावें. ‘घर जवळच आहे’ हा युक्तिवाद कन्व्हर्टरास समजत नाहीं.

प्रथम इतिहास

आयुर्वेदांत रोगाच्या ज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यांत निदान म्हणजे रोगास कारणीभूत झालेला आहारविहार पहिल्यानें येतो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. वैद्य नाडी हातांत घेण्यापूर्वीं ‘काल काय खाल्लें?’ असें विचारतो. मोटारीच्या बाबतींत हाच प्रश्न असा होईल: ‘काम करतांना हात कोठें कोठें लागला?’ काम करण्यापूर्वीं इंजिन नीट चालत होतें आणि नंतर अडखळूं लागलें, तर दोष हाताळलेल्या जागींच असण्याचा संभव सर्वांत अधिक. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडणें हा काकतालीय प्रकार यंत्रांतही घडतो, हें खरें. परंतु प्रारंभ तेथून करूं नये. जवळचें आणि स्वस्तांतलें कारण आधीं तपासावें, दूरचें आणि महागाचें मागून.

म्हणून कागदावर केलेल्या कामांची यादी करावी. चार प्लग बदलले असतील तर त्यासाठीं चार कॉइली काढल्या, चार खटक्यांच्या जोडण्या सोडविल्या, वाटेंत येणारी हवेची जाड नळी सैल केली, कदाचित् एखादी बारीक रबरी नळीही उपसली. इतक्या जागा झाल्या. त्यांतील नेहमीं आढळणारे दोष पुढीलप्रमाणें असतात.

कॉइलीची जोडणी आंत गेली असें दिसतें, परंतु तिचा खटका ‘टक्’ असा वाजलेला नसतो. जुन्या गाड्यांत प्लॅस्टिक कडक होऊन खटका तुटतो आणि जोडणी थरथरीनें मागें सरकते. प्रत्येक जोडणी हातानें हलकेच ओढून पाहावी. जी निघून येते ती गुन्हेगार.

ज्या जुन्या गाड्यांत एका ठिकाणाहून चार जाड तारा चार प्लगांकडे जातात, त्यांत दोन तारांची अदलाबदल होते. अशा चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो, १-२-३-४ असा नव्हे; आणि तो न पाहतां तारा जोडल्या कीं ठिणगी पडते, पण भलत्या वेळीं. एका वेळीं एकच तार काढून एकच प्लग बदलावा, म्हणजे हा प्रसंग येत नाहीं.

प्लगाच्या दोन टोकांतील फट गाडीगणिक साधारणतः ०.७ ते १.१ मिलिमीटर इतकी असते. प्लग हातांतून पडला तर ती मिटते किंवा प्लगाच्या पांढऱ्या चिनी मातीस केसासारखा तडा जातो. मिटलेली फट मोजपट्टीनें कळते. तडा डोळ्यांनाही सहज दिसत नाहीं.

हवेची नळी गाळणीच्या डब्यावर नीट बसली नाहीं, किंवा बारीक नळी जोडावयाची राहिली, तर हवा चोरवाटेनें आंत शिरते. ज्या गाड्यांत हवा मोजण्याचें उपकरण गाळणीच्या पुढें बसविलेलें असतें, त्यांत ही चोरटी हवा मोजली जात नाहीं. संगणक कमी पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होतें. अशा वेळीं ‘पी ०१७१’ हा संकेतही सोबत येतो. इतर गाड्यांत उभ्या गाडीच्या इंजिनाचे फेरे विनाकारण वाढलेले आढळतात.

इंजिन पाण्यानें धुतलें असेल तर प्लगांच्या खोल विहिरींत पाणी सांचून ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते. बॅटरी सोडविली असेल किंवा थ्रॉटलची झडप साफ केली असेल, तर संगणकाची मंद गतीची जुनी आठवण पुसली जाते व कांहीं काळ इंजिन उगीच कुरकुरतें. हा दोष नव्हे, माहितीपुस्तिकेंतील रीतीनें किंवा थोडें चालविल्यानें तें ताळ्यावर येतें.

रूपावरून काय कळतें?

इंजिन केव्हां अडखळतें, हें नीट पाहिलें तर अर्धें काम होतें. उभ्या गाडींत थरथर अधिक आणि वेग वाढतांच कमी, असें असेल तर चोरट्या हवेचा संशय घ्यावा. मंद गतींत इंजिन आंत जोरानें ओढत असतें व एकंदर हवा थोडीच लागते, म्हणून लहानशा छिद्राचा परिणाम मोठा होतो. फेरे वाढले कीं त्या छिद्राचा वांटा नगण्य ठरतो.

याच्या उलट, उभी गाडी बरी आणि चढावर धक्के, असें असेल तर ठिणगीकडे वळावें. चढावर आपण पायाखालील पट्टी दाबतों, सिलिंडरांत अधिक मिश्रण शिरतें, दाब वाढतो, आणि त्या दाबांतून ठिणगी पाडण्यास व्होल्ट अधिक लागतात. वीज ही पाण्यासारखी आहे. समोरची वाट अवघड झाली कीं ती आडवाट शोधते. चिनी मातीस तडा असेल, कॉइलीची रबरी नळी फाटली असेल, तर ती तेथून धातूवर उडी घेते आणि मिश्रण कोरडेंच राहतें. पावसाळी, दमट दिवसांत हा प्रकार अधिक दिसतो.

सर्व काळ, सर्व गतींत एकच सिलिंडर मेल्यासारखा असेल, तर सुटलेली जोडणी, बंद पडलेला इंजेक्टर किंवा दाब न धरणारी झडप, या क्रमानें पाहावें.

अदलाबदलीची कसोटी

आतां उपशय. औषध देऊन त्याच्या परिणामावरून रोग ओळखणें, असा या शब्दाचा अर्थ. मोटारींत तो एक पैसाही न खर्चतां करतां येतो, कारण चारी सिलिंडरांचे भाग एकसारखे असतात. तिसऱ्या सिलिंडराचा संकेत असेल, तर तिसरी कॉइल पहिल्यावर व पहिली तिसऱ्यावर बसवावी, जुना संकेत कागदावर उतरून घेऊन मगच पुसावा, आणि ज्या परिस्थितींत दोष दिसला होता त्याच परिस्थितींत गाडी चालवावी. संकेत ‘पी ०३०१’ झाला, तर दोष कॉइलीबरोबर हलला, कॉइल दोषी. ‘पी ०३०३’ च राहिला, तर कॉइल निर्दोष सुटली. पुढें प्लगाची, आणि पोहोंचण्यासारखी जागा असेल तर इंजेक्टराची, अशीच परीक्षा घ्यावी. या सर्वांतून दोष जागचा हलला नाहीं, तर तारा किंवा सिलिंडराचा दाब यांकडे संशय जातो. तेथें मात्र साधनसंपन्न कारागिराकडे जावें. चारी सिलिंडरांचा दाब मोजला असतां आंकडे एकमेकांच्या जवळपास यावयास हवेत. एकच फार खालीं असेल तर बिघाड आंतला आहे.

नैयायिक यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. जें जेथें जाईल तेथें कार्य गेलें पाहिजे, जेथून निघेल तेथून कार्य निघालें पाहिजे. तरच तें कारण. नियम मात्र कडक आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. कॉइल, प्लग आणि इंजेक्टर एकदम हलविले आणि दोष नाहींसा झाला, तर गाडी सुधारली, पण ज्ञान झालें नाहीं. तोच दोष पुढच्या महिन्यांत परत आला कीं आपण होतों तेथेंच.

एक उदाहरण

आमच्या परिचयाच्या, नाशिक येथील एका एकत्र कुटुंबांत गेल्या पावसाळ्यांत घडलेली हकीकत या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. घरांत चार सिलिंडरांची एक पेट्रोल मोटार आहे. वृद्ध आजींच्या डोळ्यांवर मुंबईस उपचार चालू असल्यानें महिन्यांतून एकदां तीच गाडी जाऊन येते. वीस वर्षांच्या पुतण्यानें एका रविवारीं चारी प्लग आणि हवेची गाळणी बदलली. गांवांत दोन दिवस गाडी चालली, कोणास कांहीं जाणवलें नाहीं. बुधवारीं आजींना घेऊन मंडळी मुंबईस गेली. परततांना सायंकाळीं, आजींच्या डोळ्यावर पट्टी बांधलेली असतां, कसाऱ्याच्या घाटांत गाडी धक्के खाऊं लागली आणि तो पिवळा दिवा उघडमीट करूं लागला. धुकें होतें, पाऊस होता, मागें मालमोटारींची रांग होती. पुतण्यानें गाडी कडेस घेतली, थोडा वेळ थांबून अगदीं हलक्या पायानें घाट चढविला. दिवा उघडमीट करावयाचा थांबला, पण घरीं येईपर्यंत कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं थोरल्या काकांनीं निकाल दिला कीं, यापुढें घरांतील कोणीही गाडीस हात लावावयाचा नाहीं. एका गॅरेजमध्यें चारी कॉइली बदलण्याचा सल्ला मिळाला होता. काका आमचे जुने विद्यार्थी. त्यांनीं आम्हांस बोलाविलें. “गुरुजी, तुम्हीच त्याला सांगा, पुस्तकें वाचून मोटार दुरुस्त होत नसते.” आम्ही म्हणालों, “सांगूं; पण आधीं मोटारीला विचारूं.”

संकेत ‘पी ०३०३’ निघाला. जोडण्या चारी घट्ट होत्या, हवेची नळी जागेवर होती. पुतण्यानें तिसरी व पहिली कॉइल बदलून बसविली आणि शहराबाहेरच्या चढावर गाडी नेली. संकेत पुन्हां ‘पी ०३०३’. चार कॉइलींचा खर्च तेथेंच वांचला. इंजिन निवल्यावर त्यानें तिसऱ्याचा प्लग चौथ्यांत व चौथ्याचा तिसऱ्यांत घातला. पुन्हां तोच चढ. या वेळीं संकेत आला ‘पी ०३०४’. प्लग काढून खिडकीच्या उजेडांत फिरविला, तेव्हां चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळसर रेघ दिसली. प्लग नवा, फट बरोबर, आणि तरीही तडा गेलेला.

पुतण्या म्हणाला, “आजोबा, मी प्रत्येक प्लगाची फट मोजली होती. माझ्या हातून एकही पडला नाहीं.” तो खरें बोलत होता. काका म्हणाले, “मग तो आपोआप फुटला काय?” खोलींत कांहीं वेळ शांतता होती. आम्हीं सर्वांनाच उद्देशून विचारलें, “तो रविवारीं डब्यांतून निघून इंजिनांत जाईपर्यंत कोठून कोठून गेला, तेवढें सांगा पाहूं.” तेव्हां दाराशीं उभी असलेली नऊ वर्षांची नात पुढें आली. रविवारीं दादाला एकेक प्लग तीच काढून देत होती. एक फरशीवर पडला. तिनें तो पुसला आणि परत डब्यांत ठेवून दुसरा दिला. पुढें पाळी आली तेव्हां तोही गेला. कोणास सांगितलें नाहीं, कारण आदल्याच दिवशीं कपबशी फुटल्याबद्दल तिला पुष्कळ बोलणीं बसलीं होतीं.

काकांनीं तिला जवळ घेतलें, एवढें आम्हीं पाहिलें. एक नवा प्लग आणून बसविला. पुढच्या महिन्यांत आजी घाटांतून नीट जाऊन आल्या. हात न लावण्याचा हुकूम त्यानंतर कोणी पाळल्याचें आम्हांस दिसलें नाहीं.

विचारण्याची रीत

शाळेंत तीसहून अधिक वर्षें काढल्यावर एक गोष्ट आम्हांस पक्की कळली आहे. खिडकीची कांच फुटल्यावर ‘कोणीं फोडली?’ असें विचारलें कीं सारा वर्ग मुका होतो. ‘कशी फुटली?’ असें विचारलें कीं चार मुलें एकदम बोलूं लागतात, आणि चेंडू कोठून आला हेंही त्यांतून कळतें. पहिल्या प्रश्नाला आरोपी हवा असतो, दुसऱ्याला कारण. निदानास इतिहास लागतो आणि इतिहास माणसांच्या तोंडून येतो. ज्या घरांत पडलेली वस्तु सांगण्याची भीति वाटते, त्या घरांतील यंत्रें अधिक बिघडतात असें नाहीं. परंतु तेथील बिघाड उशिरां सांपडतात, आणि आमच्या या उदाहरणांत तो उशीर एका वृद्ध बाईस घाटांत, पावसांत सोसावा लागला.

कांहीं सावधगिरीच्या सूचना

काम नेहमीं थंड इंजिनावर करावें. इंजिनाचें डोकें बहुधा अॅल्युमिनियमचें असतें. तापलेलें असतां प्लग फिरविला तर आटे उपटून येतात आणि शंभरांचें काम हजारांत जातें. नवा प्लग प्रथम बोटांनीं पूर्ण बसेपर्यंत फिरवावा. बोटांनीं जात नसेल तर तो तिरपा धरला आहे, पान्यानें रेटूं नये. बोटांनीं बसल्यानंतर चपटी वर्तुळाकार चकती असलेल्या नव्या प्लगास साधारणतः अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. ज्याची बैठक निमुळती असते व चकती नसते, त्यास फेऱ्याचा सुमारें सोळावा हिस्साच पुरे. माहितीपुस्तिकेंत वेगळें सांगितलें असेल तर तेंच प्रमाण मानावें. पडलेला प्लग, दिसण्यांत कितीही चांगला असला, तरी वापरूं नये.

इंजिन चालू असतां कॉइल किंवा प्लगाची तार उपसून पाहण्याची जुनी रीत आजच्या गाड्यांत सर्वथा वर्ज्य समजावी. तींत विजेचा जबर धक्का बसण्याचें भय आहे आणि संगणकासही इजा पोंचते. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद झाल्यावरही आपोआप फिरूं लागतो. पदर, ओढणी, सैल बाह्या आणि हातांतील बांगड्या यांची काळजी घ्यावी. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालवून परीक्षा करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि तो प्राणघातक आहे. टायमिंगचा पट्टा बदलल्यानंतर इंजिन अडखळूं लागलें, तर तें पुन्हां चालू करून पाहण्याचाही मोह टाळावा. पट्ट्याचे दांते चुकलेले असतील तर कित्येक इंजिनांत झडपा दट्ट्यावर आदळतात. तेथें घरच्या विद्येची सीमा संपते, आणि सीमा ओळखणें हाही विद्येचाच भाग होय.

शेवटीं एक वहीची सूचना. गाडीच्या कप्प्यांत एक लहान वही व पेन्सिल ठेवावी. कोणत्या तारखेस, किती किलोमीटरांवर, कोणीं, काय उघडलें आणि काय बदललें, हें तींत लिहावें. काम करतांना कांहीं पडलें, तुटलें, उरलें, तर तेंही त्याच ओळींत लिहावें, आणि लहान मुलांच्या हातून झालें असल्यास त्यांनाच लिहूं द्यावें. पुढें केव्हां इंजिन अडखळलें, तर स्कॅनरच्या आधीं ती वही उघडावी.